रोजकीर्द, खतावणी आणि संगणक

वाणिज्य शाखेच्या पदवीपरीक्षेंत संगणकाचा आणि त्यास आज्ञा देण्याच्या विद्येचा समावेश झाला, ही घटना पुष्कळांस केवळ आधुनिक वाटते. शास्त्रज्ञांनीं एक यंत्र निर्माण केलें, व्यापाऱ्यांनीं तें विकत घेतलें, आणि तें मुलांस चालवितां यावें म्हणून महाविद्यालयांनीं त्याचा एक विषय केला, अशी समजूत सर्वत्र आढळते. ही समजूत अगदींच चुकीची नव्हे. परंतु तींत अर्धेंच सत्य आहे. यंत्र प्रयोगशाळेंतून आलें हें खरें. पण व्यापारी कामासाठीं त्या यंत्रास काय सांगावयाचें, ही विद्या प्रयोगशाळेंतून आलेली नाहीं. ती दप्तरखान्यांतून आणि पेढीवरून आलेली आहे. तिची ही वाटचाल ध्यानांत घेतली म्हणजे आजच्या विद्यार्थ्यानें या विषयांत नेमकें काय शिकावें, या प्रश्नाचाही उलगडा होतो.

ही वाटचाल पाहण्यास मुंबईच्या ईशान्य उपनगरांतील नाहूर हें ठिकाण मोठें सोयीचें आहे. मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्या मधें हें गांव आहे. १८४३ सालीं मुंबई सरकारचा इंजिनियर जॉर्ज क्लार्क भांडुपास आला असतां, मुंबईहून ठाण्याकडे आणि पुढें घाटांकडे लोहमार्ग नेण्याची कल्पना त्यास सुचली, असें रेल्वेच्या इतिहासांत नमूद आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली पहिली आगगाडी याच शिवारांतून गेली. मात्र नाहुरास स्वतःचें स्थानक मिळण्यास २००३ साल उजाडावें लागलें. मध्यंतरीं दीडशें वर्षें गाड्या न थांबतां जात राहिल्या.

या दीडशें वर्षांत आसपासची भूमि मात्र स्वस्थ नव्हती. आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या, कडेनें भांडुप-मुलुंडच्या पट्ट्यांत कारखाने उभे राहिले. प्रत्येक कारखान्यास कचेरी आली आणि कचेरीबरोबर हिशेबनीस आला. मजुराची हजेरी, जादा कामाचे तास, महागाईभत्ता, १९५२ च्या कायद्यान्वयें भविष्यनिर्वाह निधीची कपात, हें सारें दरमहा माणसी वेगळें काढावयाचें, आणि पगाराच्या दिवशीं एका पैचीही चूक चालावयाची नाहीं, असें तें काम होतें. जवळच पवई येथें १९५८ सालीं भारतीय तंत्रविज्ञान संस्था सुरू झाली. पार्ले टिळक विद्यालय असोसिएशननें १९७० सालीं मुलुंड येथें वाणिज्य महाविद्यालय काढलें, आणि १९८४ सालीं केळकर एज्युकेशन ट्रस्टचें वझे महाविद्यालय मुलुंडच्या पूर्व भागांत निघालें. म्हणजे एका अंगास यंत्रविद्येचें पीठ, दुसऱ्या अंगास वाणिज्यविद्येचें, आणि मधें कारखान्यांच्या कचेऱ्या. व्यापारी संगणकविद्येस लागणारी तिन्ही अंगें येथें दोनचार मैलांच्या आंत एकत्र आलीं.

परंतु त्या विद्येचा उगम पाहावयाचा तर याहून पुष्कळ मागें गेलें पाहिजे. पुण्याच्या पेशवे दप्तरांत हिशेबाच्या कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेले आहेत. त्यांत रोजकीर्द आहे, खतावणी आहे, तेरीज आहे, ताळेबंद आहे. रोजकीर्द म्हणजे त्या त्या दिवशीं जें आलें आणि जें गेलें त्याची, घडेल त्या क्रमानें केलेली नोंद. त्याच नोंदी पुढें ज्याच्या त्याच्या नांवाखालीं वेगळ्या काढल्या म्हणजे झाली खतावणी. खात्यांच्या बेरजांचा गोषवारा म्हणजे तेरीज, आणि वर्षअखेर जमा व खर्च यांचा जो मेळ घालावयाचा तो ताळेबंद. या कामाचा मान केवढा होता, हें एका नांवावरून कळून येईल. नाना फडणीस म्हणून जो मुत्सद्दी इतिहासांत अजरामर झाला, त्याचें आडनांव भानू; फडणीस हा हिशेबाच्या दप्तराचा हुद्दा होय. राज्याचा हिशेब ज्याच्या हातीं, त्यास राज्याचें मर्म ठाऊक, असा त्याचा अर्थ.

हें हिशेबाचें ज्ञान सामान्य घरांतही पोंचलें होतें, तें पाढ्यांच्या रूपानें. मराठी शाळेंत मुलें पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी तोंडपाठ करीत. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, शेराचे सोळा छटाक, असा सारा व्यवहार पाव-अर्ध्याच्या भागांनीं चाले. म्हणून हे अपूर्णांकांचे पाढे म्हणजे बाजारांतील मुलाचें हत्यारच होतें. पुढें १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ वजनेंमापेंही बदललीं, आणि शतकानुशतकें घोकलेले हे पाढे बघतां बघतां निरुपयोगी झाले. परंतु रोजकीर्द आणि खतावणी कांहीं निरुपयोगी झाली नाहीं. ज्यास केवळ औटकी येत होती त्याचें भांडवल बुडालें. ज्यास हिशेब येत होता त्यानें शंभराचा भागाकार आठ दिवसांत आत्मसात केला. या प्रसंगांतील बोध पुढें पुनः पुनः उपयोगी पडणार आहे.

हिशेबाची विद्या पेढीवरून वर्गांत आली ती मुंबईंतच. १९०० सालीं येथें दावर यांचें वाणिज्य विद्यालय निघालें. १९१३ सालीं सिडनेहॅम महाविद्यालय स्थापन झालें, आणि आशिया खंडांतील पहिलें वाणिज्य महाविद्यालय असा त्याचा लौकिक झाला. १९४१ सालीं माटुंग्यास पोदार महाविद्यालय निघालें. या वर्गांतून विलायती पद्धतीची दुहेरी नोंद शिकविली जाऊं लागली. रोजकीर्दीस जर्नल आणि खतावणीस लेजर असें नांव पडलें. पद्धतींत भेद होता, शिस्त अधिक कडक होती. परंतु प्रथम घडल्या क्रमानें नोंद आणि मग खातेवार मांडणी हें तत्त्व तेंच राहिलें. हिशेबनीस पदवीधर झाला. यंत्र अद्याप यावयाचें होतें.

तें यंत्र व्यापारी कामासाठीं प्रथम चालविलें गेलें तें इंग्लंडांत, आणि तेंही एका चहाच्या दुकानदाराकडे. जे. ल्यॉन्स आणि कंपनीचीं चहापानगृहें गांवोगांव होतीं. पाव-केक किती भाजले, कोठें किती पाठविले, त्यांत खर्च काय आला, याचा हिशेब ठेवण्यास कारकुनांच्या फौजा लागत. या कंपनीनें ‘लिओ’ नांवाचा स्वतःचा संगणक बांधविला आणि १९५१ सालीं त्यावर आपल्या भट्टीखान्याचा हिशेब चालू केला. या यंत्राच्या आज्ञावल्या लिहिण्याचें काम ज्यांच्या देखरेखीखालीं झालें ते डेव्हिड कॅमिनर हे गणिताचे प्राध्यापक नव्हते. ल्यॉन्सच्याच कचेरींत हिशेबाच्या पद्धती सुधारण्याच्या खात्यावर ते काम करीत होते. कचेरीचें काम ज्यास अंतर्बाह्य ठाऊक आहे त्यालाच यंत्राची भाषा शिकविणें अधिक फायद्याचें, हें त्या कंपनीनें आरंभींच ओळखलें. यानंतर १९५९-६० सालीं अमेरिकेंत ‘कोबॉल’ ही व्यापारी भाषा तयार झाली. ग्रेस हॉपर या विदुषीच्या पूर्वीच्या कार्याचा तींत मोठा वांटा होता. आज्ञा साध्या इंग्रजी वाक्यासारख्या असाव्या आणि कचेरीच्या माणसास त्या वाचतां याव्या, हा त्या भाषेचा उद्देश होता.

मुंबईस संगणक आला तो दोन वाटांनीं. पहिली वाट शास्त्राची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं तरुण मंडळींनीं स्वतः एक संगणक बांधला. तो १९६० सालीं कामास लागला आणि पुढें ‘टिफ्रॅक’ या नांवानें ओळखला गेला. त्याची स्मृति अवघी २,०४८ शब्दांची होती. १९६४ सालीं त्याच संस्थेंत ‘सीडीसी ३६००’ हें मोठें अमेरिकन यंत्र आलें, आणि त्याच दशकांत पवईच्या संस्थेंत ‘मिन्स्क’ हें रशियन यंत्र बसलें. या यंत्रांवर शास्त्रज्ञांचीं समीकरणें सुटत.

दुसरी वाट व्यापाराची. १९६१ सालीं मुंबईंतील एस्सो या तेलकंपनीनें ‘आयबीएम १४०१’ हें यंत्र आणलें. त्यास छिद्रें पाडलेलीं कार्डें भरवावीं लागत; एका कार्डावर ऐंशी अक्षरें मावत. ही वाट कोणत्या कामावर चालली, हें पाहण्यासारखें आहे. १९६८ सालीं मुंबईंत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था निघाली. तिच्या आरंभींच्या कामांत सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या शाखांतील परस्पर नोंदींचा मेळ घालण्याचें काम होतें. एका शाखेनें दुसरीवर हुंडी काढावी, त्या शाखेनें ती फेडावी, आणि या दोन्ही नोंदी एकमेकींस कोठेंतरी जुळाव्या. न जुळल्या तर चूक कोठें, लबाडी कोठें, हें शोधावें. हें काम ताळेबंदाचें. पेशव्यांच्या दप्तरांतील कारकुनास या यंत्राचें नवल वाटलें असतें. त्या यंत्रास विचारलेल्या प्रश्नाचें वाटलें नसतें.

येथेंच एक कटु प्रकरण येतें, आणि तें वगळून हा इतिहास सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. कचेरींत यंत्र आलें तर कारकुनाचें काय होणार? १९६० नंतरच्या दशकांत आयुर्विमा महामंडळाच्या नोकरांनीं संगणकास कडवा विरोध केला. कलकत्त्यास तर यंत्र बसूं नये म्हणून पहारे बसले. हा विरोध अडाणीपणाचा होता असें आज सहज म्हटलें जातें. परंतु ज्या घरांत एका कारकुनाच्या पगारावर सात माणसें जेवत, त्या घराच्या भीतीस हंसण्याचा अधिकार कोणासही नाहीं. सरकारनें याचा विचार करण्यासाठीं समिति नेमली. तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंतील वि. म. दांडेकर हे होते, आणि समितीचा अहवाल १९७२ सालीं बाहेर आला. यंत्र कोठें व किती आणावें, हा प्रश्न केवळ तांत्रिक नसून रोजगाराचा आहे, ही गोष्ट तेव्हांपासून धोरणांत मान्य झाली. बँकांत तर ८ सप्टेंबर १९८३ रोजीं नोकरांच्या संघटना आणि बँका यांच्यांत रीतसर करार झाला. मग १९८४ सालीं रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या समितीनें बँकांतील यांत्रिकीकरणाची योजना मांडली. शाखाशाखांतून खतावणी छापणारीं यंत्रें दिसूं लागलीं.

शेवटीं घडलें काय? नक्कल करण्याचें आणि बेरजा मारण्याचें काम माणसाच्या हातून गेलें, तें कायमचें. नोंद कोणत्या खात्यावर पडावी, ती तशी कां पडावी, आणि यंत्रानें दिलेलें उत्तर खरें कशावरून, हें काम माणसाकडे राहिलें. परंतु तें सर्वांकडे राहिलें नाहीं. ज्यांस तें करतां येत होतें त्यांच्याकडेच राहिलें. विद्यार्थ्यानें या विषयाकडे गंभीरपणें पाहावें तें यासाठीं.

पुढें वाणिज्य महाविद्यालयांनीं हा विषय स्वीकारला. मुंबई विद्यापीठाच्या बी. कॉम.च्या तृतीय वर्षास ‘कॉम्प्युटर सिस्टिम्स अँड ॲप्लिकेशन्स’ या नांवानें तो शिकविला जाऊं लागला. माहितीचें दळणवळण, माहितीचा सांठा व त्यास प्रश्न विचारण्याची भाषा, कोष्टकपत्रें, आज्ञावली-लेखन आणि ई-व्यापार हीं प्रकरणें त्यांत आलीं. या विषयाच्या भाषांचें आयुष्य पाहिलें तर मोठी मौज वाटते. एके काळीं कचेऱ्यांतून ‘फॉक्सप्रो’चा बोलबाला होता, २००७ सालीं तिच्या निर्मात्यांनीं पुढील आवृत्ति न काढण्याचें जाहीर केलें. ‘व्हिज्युअल बेसिक’ची १९९८ ची सहावी आवृत्ति त्या परंपरेंतील शेवटची ठरली, आणि २००८ सालीं तिचाही आधार काढून घेण्यात आला. याउलट माहितीस प्रश्न विचारण्याची ‘एसक्यूएल’ ही भाषा १९७४ सालीं जन्मली ती आज पन्नास वर्षें उलटलीं तरी टिकून आहे.

ही एकच भाषा कां टिकली? श्रोत्यांनीं एखाद्या किराणा दुकानाच्या उधारीचें उदाहरण घ्यावें. दुकानदार दिवसभर लिहितो: अमक्यानें तांदूळ नेले, तमक्यानें पैसे दिले. ही झाली रोजकीर्द. महिनाअखेर प्रत्येकाकडे येणें किती, हें पाहण्यास त्या नोंदी नांवानिशीं वेगळ्या काढून त्यांची बेरीज करावी लागते. ही झाली खतावणी आणि तेरीज. संगणकास हेंच सांगावयाचें तर विद्यार्थी दोन कोष्टकें करतो. एकांत गिऱ्हाइकांचीं नांवें व प्रत्येकाचा अनुक्रमांक. दुसऱ्यांत तारीखवार नोंदी, आणि प्रत्येक नोंदीपुढें गिऱ्हाइकाचा तोच अनुक्रमांक. मग एका आज्ञेनें दोन्ही कोष्टकें जोडावयाचीं, अनुक्रमांकाप्रमाणें गट पाडावयाचे आणि गटवार बेरीज मागावयाची. जी भाषा खतावणी करते तिची गरज व्यापारास नित्य राहणार. म्हणून ती टिकली. मुलुंडच्या वर्गांत बसलेल्या मुलास हें परदेशी गूढ म्हणून शिकविलें तर तो घोकंपट्टी करील; खतावणी म्हणून शिकविलें तर कदाचित् त्याच्या आजोबांसही तें समजावून सांगूं शकेल.

हिशेबाचें ज्ञान नसेल तर यंत्र कसें फसवितें, याचेंही एक उदाहरण मनोरंजक आहे. शंभर रुपये तिघांत सारखे वांटा, असें यंत्रास सांगितलें तर प्रत्येकास तेहेतीस रुपये तेहेतीस पैसे येतात आणि एक पैसा उरतो. तो कोणाच्या खात्यावर टाकावयाचा, हें यंत्र सांगत नाहीं. तें हिशेबनिसानें ठरवावयाचें असतें. याहून सूक्ष्म गोष्ट अशी कीं, संगणक दोनाच्या पटींनीं मोजतो. अर्धा, पाव, अष्टमांश, षोडशांश हे भाग त्यास तंतोतंत मांडतां येतात. परंतु एक दशमांश अथवा एक शतांश त्यास त्या रीतीनें नेमका मांडतां येत नाहीं, अगदीं किंचित् फरक राहतो. म्हणजे जुना आणा, रुपयाचा सोळावा भाग, या यंत्रास बिनचूक कळला असता. नवा पैसा कळत नाहीं! निमकी आणि पावकी हीं, एका अर्थीं, संगणकाचींच अंगणितें होत. यासाठींच कोबॉलमध्यें दशमान हिशेबाची वेगळी सोय ठेवलेली आहे, आणि जाणते आज्ञावलीकार रक्कम रुपयांच्या अपूर्णांकांत न ठेवतां पूर्ण पैशांत ठेवतात. ज्यास ही गोष्ट ठाऊक नाहीं त्याच्या हजारों नोंदींच्या बेरजेंत वर्षअखेर दोन पैशांचा घोळ निघतो, आणि तो कोठून आला हें त्यास उमगत नाहीं.

अशा लहानशा दुर्लक्षाची किंमत साऱ्या जगानें एकदां मोजली. स्मृति महाग होती तेव्हां आज्ञावल्यांतून सालाचे शेवटचे दोनच आंकडे लिहीत. २००० साल जवळ येऊं लागलें तसें ध्यानांत आलें कीं, ‘००’ म्हणजे यंत्र १९०० समजेल, आणि व्याज, विमा, निवृत्तिवेतन यांचे सारे हिशेब उलटे होतील. त्या दुरुस्तीचें पुष्कळ काम भारतीय तरुणांकडे आलें. अंधेरीस १९७३ सालीं स्थापन झालेल्या सीप्झ या निर्यातक्षेत्रांतील कंपन्यांचाही त्यांत वांटा होता. दुसऱ्यानें तीस वर्षांपूर्वीं लिहिलेली आज्ञावली वाचून, तिच्या पाठीमागचा हिशेब ओळखून, मग ती सुधारावयाची, असें तें काम होतें.

आज नाहूर स्थानकावर उतरणाऱ्या विद्यार्थ्यापुढें आणखी एक नवें संकट, किंवा नवी संधि, उभी आहे. साध्या भाषेंत मागणी केली असतां स्वतःच आज्ञावली लिहून देणारीं यंत्रें आतां निघालीं आहेत. ज्या कारकुनाची बेरीज यंत्रानें घेतली, त्याच्या नातवाची आज्ञावलीही यंत्र घेऊं पाहत आहे. घराघरांतून आईबाप विचारतात कीं, मुलानें हा विषय आतां घ्यावा कीं नाहीं. इतिहासाचें उत्तर स्पष्ट आहे. एखादी भाषा, एखादें साधन, एखाद्या कळींचा क्रम एवढेंच शिकावयाचें असेल, तर ती औटकी आहे. ती आज ना उद्यां जाईल. परंतु व्यवहार कसा नोंदावा, नोंद कोणत्या खात्यावर जावी, आलेलें उत्तर कशाशीं ताडून पाहावें, हें शिकावयाचें असेल, तर तें ज्ञान दप्तरखान्यापासून आजवर एकदांही वायां गेलेलें नाहीं. यंत्रापुढें बसण्यापूर्वीं एक महिना घरच्या खर्चाची रोजकीर्द हातानें लिहावी, तिची खतावणी हातानें मांडावी, आणि मगच तेंच काम यंत्राकडून करवून घ्यावें. दोन्ही उत्तरें जुळलीं तर विद्या आली असें समजावें. आणि न जुळलीं तर चूक कोणाची हें ज्यास शोधून काढतां येईल, त्याच्या जागेस कोणतेंही यंत्र सहसा धक्का लावूं शकणार नाहीं.